पाणसळीतला फ्रिज

शनिवारी दुपारी, उन्हे ओट्यावरून उतरून फरशीवर आडवी पडली असताना, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील मागच्या घरात, एक निवृत्त गवंडी आणि त्यांची मुलगी यांचे दूरध्वनीवर जे बोलणे झाले, त्याचा हा वृत्तान्त. मुलगी दुसऱ्या गावी, आपल्या फुलांच्या दुकानात उभी होती. त्यामुळे तिचा आवाज या घरात कोणी ऐकला नाही. ऐकू आले ते गवंडीबुवांचे बोलणे, ज्यांना सारी इमारत नुसते ‘मिस्त्री’ म्हणते, आणि अधूनमधून त्यांच्या नव्या फ्रिजचे.

फोन वाजला तसा मिस्त्रींनी तो कानाला लावला.

“हॅलो! कोण?… अगं ठमे, तू होय! बोल, बोल… काय?… जरा मोठ्यानं बोल. नाही गं, फोन बिघडलेला नाही, मागं तो बोंबलतोय ना… तोच. नवा फ्रिज. थांब, ऐकवतो तुला.”

मिस्त्रींनी फोन कानावरून काढला आणि फिर्यादीने साक्षीदार पुढे करावा तसा फ्रिजच्या दिशेने धरला. पीं पीं, पीं पीं, पीं पीं. साक्षीदाराने आपली जबानी न अडखळता दिली.

“ऐकलंस?… दिवसभर हेच. कान किटले… दार? दार लागलेलं आहे. आत्ता दूध आत ठेवलं आणि लावलं, तेवढ्यात तुझा फोन… जवळ जाऊन बघू? बरं बाई, बघतो… हं… थांब…”

“बोटभर.”

“अगं, बोटभर फट आहे म्हणतोय! पण मी लावलं होतं, ठमे. तुझ्या गळ्याची शप्पथ, लावलं होतं… हो, आता दाबलं. बसला गप्प.”

फ्रिज गप्प बसला खरा. पण त्या शांततेने मिस्त्रींना स्वस्थता आली नाही. ते दाराकडे तसेच पाहत राहिले. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी या दारावर जितकी नजर ठेवली होती, तितकी त्यांनी आपल्या तरुणपणी मजुरांवरही ठेवली नसेल.

“तुला दादानं फोन करायला सांगितलं ना?… खोटं बोलू नकोस. शनिवारी दुपारी तुझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तू कशाला फोन करशील बापाला, जेवलात का विचारायला?… मग? काय काय सांगितलंन त्यानं?… हं… हं… ‘बाबा दार उघडं टाकतात.’ वा!… ‘बाबांना कळतही नाही.’ छान!… आणि खालच्या बाईंचं? तेही सांगितलं?… दोनदा आल्या होत्या वर. आता बाई मास्तरीण होत्या जन्मभर, त्यांना घंटा वाजली की उठायची सवय, त्याला मी काय करू!”

या थट्टेच्या मागे जे होते, ते थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. जुना फ्रिज बंद पडला तेव्हा मुलाने हा नवा घेऊन दिला. दार किंचितही उघडे राहिले, तर याच्या पोटातली घंटा वाजू लागते आणि दार लावेपर्यंत थांबत नाही. तो आला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ती दिवसातून अनेकदा वाजू लागली. मुलाने येऊन पाहिले, विक्रेत्याने पाठवलेला मेकॅनिक येऊन पाहून गेला. यंत्रात दोष सापडला नाही. यंत्रात दोष नाही, तर दोष माणसात असला पाहिजे, हे अनुमान मुलाने काढले, आणि ते काढताना त्याला वाईटही वाटले. आई गेल्यापासून वडील एकटे राहतात. आज फ्रिजचे दार विसरतात, उद्या गॅस विसरतील. म्हणून त्याने ठरवून टाकले होते, की शनिवारपर्यंत हे थांबले नाही तर त्याने गाडी घेऊन यायचे आणि वडिलांनी त्याच्या घरी राहायला जायचे. आज शनिवार होता. दारामागे मुलाने आणून ठेवलेली रिकामी बॅग उभी होती.

“येतोय तो. संध्याकाळपर्यंत येतो म्हणालाय… नाही, मी काही भरलेलं नाही बॅगेत. भरणारही नाही… अगं, त्याचं घर वाईट आहे असं कोण म्हणतंय? सूनबाई जीव लावते मला. पण तिथं खाली बघितलं की गालिचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा! पायाखाली काय आहे तेच कळत नाही माणसाला. इथली एकेक फरशी मी स्वतः बसवलीय, अंधारात अनवाणी चाललो तरी सांगेन, कुठं उभा आहे ते… हो, हो… अगं ऐकतोय, बोल ना.”

“सगळं पहिल्यापासून बघायचं? बघू. तू सांग, मी करतो. पण एक अट आहे. ते स्पीकरचं नको, मास्तरीणबाईंना सगळं ऐकू जाईल… आणि तोंड दिसायचं तर त्याहून नको. त्यात माझं नाकच दिसतं नुसतं.”

फोन डाव्या खांद्याला आणि कानाला चिकटवून मिस्त्री फ्रिजसमोर उभे राहिले.

“उघडलं दार… काय अडतंय? काही नाही… पातेल्याचा कान? नाही, कान आत आहे… काकडी? काकडी खणात आहे. अंडी दारात. लोणी… सगळं बाहेर काढू? सगळं?… बरं. तुझी आईसुद्धा इतकं साफ करायला लावत नसे.”

दूध, दही, लोणी, अंड्यांचा ट्रे, काकड्या, अर्धा कोबी, झाकण हरवलेली जॅमची बाटली, सकाळचे उरलेले सूप. एकेक वस्तू बाहेर येऊन टेबलावर मांडली गेली.

“झालं. रिकामा आहे आता. दार लावलं… रबर? रबराचं काय?… हो, सगळीकडून आहे. मऊ आहे… कागद? कसला कागद? कुठलाही? वर्तमानपत्राचा चालेल?… दारात धरायचा, दार लावायचं, आणि ओढायचा. बरं.”

“घट्ट आहे. निघत नाही… खाली?… खालीही घट्ट. बिजागरीकडे… फाटला कागद. इतका घट्ट. आता बोल!… म्हणजे रबर ठीक. मेकॅनिकनंही तेच केलं होतं, कागदाऐवजी पातळ पट्टी होती त्याच्याकडे, एवढाच फरक… तो? तो म्हणाला, ‘आजोबा, दार नीट लावत जा.’ मला! ‘नीट लावत जा!’ मी किती दारांच्या चौकटी उभ्या केल्यात, ते त्याला—”

“हो, हो, चिडत नाही… गिऱ्हाईक आलंय? बघ, बघ, मी धरतो फोन.”

मुलगी कोणाला तरी फुले बांधून देत असावी. मिस्त्री कानाशी फोन धरून उभे राहिले, मग दोन पावले खिडकीकडे गेले, तिथून परत फिरले, बॅगेला वळसा घालून पुन्हा फ्रिजपाशी आले. त्यांना कुठेच उभे राहवेना. खाली रस्त्यावर एखादी गाडी थांबली की ते मान वळवत. मुलाची गाडी नाही, हे पाहिल्यावर मान पुन्हा सरळ होई. टेबलावरच्या दुधाच्या पातेल्याला बाहेरून घाम फुटला होता.

गेले काही दिवस ते एक गोष्ट करत होते आणि ती त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. दार लावले की ते मोठ्याने म्हणत, ‘लावलं.’ रिकाम्या घरात स्वतःलाच हजेरी द्यावी तसे. तरीही मागाहून घंटा वाजे. आपल्या तोंडाने ‘लावलं’ म्हटलेले दार उघडे सापडावे, यापेक्षा मोठा पुरावा मुलाला तरी कशाला हवा होता?

“हं, बोल… गेलं गिऱ्हाईक?… ठमे.”

“ठमे, एक विचारू? हसणार नसशील तर… तुला काय वाटतं? दादाचं सोड. तुला. मी विसरतो का गं?”

“नाही, तू लगेच ‘नाही’ म्हणू नकोस. विचार करून सांग. कारण मला… मला हल्ली कळेनासं झालंय. मी लावतो. म्हणतोसुद्धा, लावलं म्हणून. आणि तरी ते उघडं असतं. मग ‘लावलं’ म्हणणारा कोण आणि उघडं टाकणारा कोण?… हं… हं… कसं लावतो म्हणजे? लावतो तसं लावतो.”

“हात? हात रिकामे कुठे असतात, एका हातात दूध, दुसऱ्यात झाकण… कोपरानं. कोपरानं ढकलतो आणि वळतो. तीस वर्षं तसंच लावत आलोय, तुझी आई तर कमरेनं लावायची, आणि वर मलाच… काय?… नाही, जुना कधी उघडा राहिला नाही. एकदाही नाही.”

“तो जुना वाकडा होता ना! आठवतं तुला? त्याच्या खालच्या लाकडी चौकटीचे मागचे पाय झिजलेले, मागं रेललेला असायचा सदा, पाटलासारखा. किती वेळा म्हटलं, मी सरळ करून देतो. तुझ्या आईनं हात लावू दिला नाही. ‘चालतंय ना? मग नको,’ म्हणायची. तिला म्हटलं, अगं, गवंड्याच्या घरात वाकडा फ्रिज, लोक काय म्हणतील! तर म्हणाली, लोक दूध मागायला येतात, मापं घ्यायला येत नाहीत… हो, हो, तिचंच ते… हो, आणि कोपर लावलं की दार जायचं आपोआप. धप्प.”

“काय?… आता? अर्धवट उघडायचं आणि सोडायचं? दाराला?… सोडलं. काय होणार! थांबलं. जिथं सोडलं तिथं… आणखी पुढं ढकलून? थांबलं. अगदी जवळ आणलं, बोटभर ठेवलं… थांबलं. इकडं ना तिकडं. अगं, चांगल्या दारानं असंच वागायचं असतं! सोडल्यावर आपणहून फिरू लागलं तर ती सुताराची फजिती. याला म्हणतात बसवणं… हॅलो?… हॅलो, ठमे?… आहेस ना? मग गप्प का झालीस?”

“कोणी म्हणजे? मीच. दुसरं कोण बसवणार? ते आणून टाकणारे दोघं जण आले, भिंतीला लावला, पायांशी काहीतरी खुडबुड केली आणि निघून गेले. मी पाणसळ ठेवून बघतो, तर वाकडा! नवाकोरा फ्रिज, आणि मागं रेललेला.”

पाणसळ म्हणजे मिस्त्रींची ती लाकडी पट्टी. पोटात काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा नळीच्या मधोमध आला की काम सपाटीत आहे असे समजावे. सरकला की ज्या बाजूला सरकला ती बाजू उंच. या बुडबुड्याने त्यांना कधी फसवले नाही आणि त्यांनी बुडबुड्याला कधी खोटे पाडले नाही. ओट्याच्या वर खिळ्याला ती अजून टांगलेली असे, जिथे इतरांच्या घरी घड्याळ असते.

“बुडबुडा पार पुढच्या काठाला जाऊन बसला होता. म्हटलं, हे माझ्या घरात चालायचं नाही. याच्या पुढच्या बाजूला खाली दोन पाय आहेत, स्क्रूचे. पाना घातला, फिरवले, पुन्हा पाणसळ, पुन्हा पाना… अख्खी सकाळ गेली. पण आणला! बुडबुडा मधोमध, केसभर हलेल तर शप्पथ. वर पाण्याचा पेला भरून ठेव, थेंब सांडणार नाही.”

“काय?… पुन्हा सांग.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम वाकडा ठेवतात? कोण?… सगळे? काहीतरीच काय!… तुझ्या दुकानातली फुलांची कपाटं? ती थंडगार काचेची?… तीही?… तू स्वतः पाहिलंस? मागं रेललेली?… म्हणजे सोडलं की दार आपल्या वजनानं…”

मिस्त्रींनी बोलणे अर्धेच सोडले. दार अजून बोटभर उघडे होते, जिथे त्यांनी ठेवले तिथेच, आज्ञाधारक. आणि त्याच क्षणी, जणू वाक्य पुरे करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे असे समजून, घंटेने सुरुवात केली. पीं पीं, पीं पीं.

“गप्प बस रे!… तुला नाही गं, याला… दाबलं, दाबलं.”

“नाही. मला नाही पटत… नाहीच पटत! ऐक माझं. एखादी वस्तू उभी करायची तर सरळ उभी करावी. सरळ म्हणजे सरळ. त्यात ‘मुद्दाम वाकडं’ असं काही नसतं. उद्या म्हणशील, भिंतही जरा रेललेली बरी, पाठ टेकायला सोयीची!… अगं, बनवणाऱ्याला नीट दार करता आलं नाही, म्हणून त्यानं फ्रिज तिरपा ठेवायची पळवाट काढली, यात माझी चूक?… पुस्तिकेत? असेल लिहिलेलं. जगातल्या सगळ्या भाषा आहेत त्या पुस्तिकेत, आपली सोडून.”

“हो, हो… कळतंय मला तू काय म्हणतेस ते. न कळायला काय झालं! तुझं म्हणणं, तुझा बाप विसरभोळा नाही, अडाणी आहे. असंच ना?… नाही कसं? तेच झालं ते. फोड करून सांगितलंस एवढंच… हसतेस काय!”

पण ते स्वतः हसत नव्हते. ज्या भीतीने त्यांना इतके दिवस ग्रासले होते, तिच्यातून सुटण्याची वाट उघडी झाली होती. आणि त्या वाटेच्या तोंडाशी त्यांची स्वतःची पाणसळ आडवी पडली होती. डोके शाबूत आहे असे सिद्ध करायचे, तर हात चुकला असे कबूल केले पाहिजे. म्हातारपणाने माणूस विसरतो. त्यात त्याचा अपराध नसतो, लोक हळहळतात, समजून घेतात. पण मिस्त्रींनी लावलेली वस्तू चुकीची लागली, असे आजवर कोणी म्हटले नव्हते. मुलगा येईल, त्याला सांगावे लागेल. तो मुलगा, ज्याला लहानपणी त्यांनी वाकड्या रेघेसाठी, वाकड्या भांगासाठी, वाकड्या लावलेल्या खिळ्यासाठी पुन्हापुन्हा बोलून घेतले होते. गालिच्यावर राहायला जाणे त्यापेक्षा सोपे, असे क्षणभर त्यांना खरोखरच वाटून गेले.

“ठमे, मी जातो दादाकडे. सोड हा विषय. असेल माझ्याच… काय?”

“मोरी?”

“मोरीचं काय आता मध्येच?… कुठल्या मोरीला? कुठल्याही?… हो, ढाळ देतोच. न देऊन चालेल कसं, पाणी तुंबेल की.”

“हो, मुद्दाम.”

“हो… सगळ्या फरश्या जाळीकडे उतरत्या घ्यायच्या. बुडबुडा मधे ठेवायचाच नाही तिथं. मधे राहिला तर मोरी फसली.”

“हो. सपाट मोरी म्हणजे वाईट मोरी.”

ही पोरगी शाळेला सुट्टी असली की त्यांच्याबरोबर कामावर येई. मोरीची फरशी पक्की झाली की मिस्त्री कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतत. आणि पाणी कुठे जाते ते पाहण्याचे काम तिचे. ती उकिडवी बसे, डोळे बारीक करून पाण्याची रेघ न्याहाळी, आणि ते सगळे जाळीतून उतरले की सारी इमारत दुमदुमेल अशा आवाजात ओरडे.

“आठवतं तर! ‘गेलं, बाबा, गेलं!’ घसा फोडून ओरडायचीस. एकदा तर घरमालक धावत आला, कोण गेलं म्हणून… हो… हो गं.”

“पाणी जावं म्हणून ढाळ. आणि इथं दार जावं म्हणून… बरं, बरं, समजलं. बापाला शिकवतेस. किती द्यायचा असतो याला?… थोडाच. मोरीएवढा?… मोरीइतका पुरे. मग मला माप नको सांगूस. मोरीचा ढाळ माझ्या हातात आहे… पाना कुठे ठेवला मी? नाही, विसरलो नाही! खणात आहे. थांब, फोन खाली ठेवतो. बोलत राहा, ऐकू येतं मला.”

फोन फरशीवर ठेवला गेला आणि त्याच्या शेजारी मिस्त्री, प्रथम गुडघ्यांवर, मग कोपरांवर, मग सरळ पोटावर. पुढच्या दोन पायांत पाना बसत होता, पण वरचे वजन सोडत नव्हते. त्यांनी बाल्कनीतून लाकडाची एक फळी आणली, तिचे टोक फ्रिजखाली सारले, आणि एका हाताने तरफ दाबत दुसऱ्या हाताने पाना फिरवू लागले. फ्रिजची जी पुढची बाजू त्यांनी अख्खी सकाळ खर्चून खाली उतरवली होती, तीच आता पुन्हा वर चढू लागली.

“चढतोय… डावा झाला. उजवा… हा जरा कुरकुरतोय… नाही गं, मी नाही, पाय… थोडा श्वास घेऊ दे.”

आणि याच वेळी, खाली गाडी थांबल्याचे ध्यानात न येता, दाराला किल्ली लागली.

मुलाला दिसले ते असे. फ्रिजमधले सगळे जिन्नस टेबलावर उघडे मांडलेले. दुधाला घाम फुटलेला. आणि वडील फरशीवर पालथे, शेजारी फोन पडलेला. त्याच्या तोंडून काय निघाले असेल, ते मिस्त्रींच्या उत्तरावरून ताडता येते.

“पडलो नाही! अरे, पडलो नाही मी!… झोपलोय. म्हणजे झोपलो नाही, काम करतोय!… ऊठ म्हणू नकोस, अजून अर्धा फेरा राहिलाय… डॉक्टर कशाला? पाना दे तो, सरकला बघ तिकडे… ठमे! हॅलो! ऐकतेस ना? तुझा दादा आलाय. त्याला वाटलं, गेला म्हातारा… सांग त्याला काहीतरी… थांब, मीच सांगतो. हात दे रे जरा.”

मुलाने आधी पाना दिला, आणि राहिलेला अर्धा फेरा झाल्यावर हात दिला. मिस्त्री उठून उभे राहिले, गुडघे झटकले, फोन कानाशी लावला. पण बोलले ते मुलाशी.

“हे बघ. तू म्हणालास, बाबा दार विसरतात. मी दार विसरत नव्हतो. मी फ्रिज चुकीचा बसवला होता… हो. मी. ती माणसं बरोबर ठेवून गेली होती, मी तो सरळ केला. सरळ केल्यामुळं दार अधांतरी राहायचं… काय बघतोस असा? चुकतो माणूस. गवंडीही चुकतो. हे एकदाच सांगतोय, पुन्हा म्हणायला लावू नकोस… हो ठमे, सांगितलं त्याला. ऐकलंस ना? साक्षीला राहा.”

त्यांनी फ्रिजचे दार हातभर उघडले आणि बोटे काढून घेतली. दार क्षणभर तिथेच राहिले. मग कोणी न ढकलता ते आपल्याच वजनाने, प्रथम आळसाने आणि मग ठरवून, फिरत गेले आणि रबरावर टेकले. धप्प.

“गेलं! ठमे, गेलं!… अगं, आपोआप! बोट लावलं नाही मी!… ओरडू नकोस, तुझं गिऱ्हाईक पळेल!”

“आता तू… हो, तूच, दादा. ते दूध घे एका हातात. दुसऱ्या हातात लोणी. ठेव आत. आता वळ… नाही, मागं बघायचं नाही. मी लावायचो तसं. कोपरानं. हळू… आणखी हळू.”

मुलाच्या कोपराचा स्पर्श जेमतेम झाला. दार गेले.

“कोणी बोलू नका आता. ठमे, तूही नाही. वाट बघायची.”

स्वयंपाकघरात दोघे जण आणि फोनच्या पलीकडे तिसरी, असे तिघेही थांबले. एरवी एव्हाना घंटा वाजली असती. मुलाने एकदा घड्याळाकडे पाहिले, एकदा वडिलांकडे. खालच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. फ्रिज मंद घरघरत होता. त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

“नाही वाजत.”

“नाही वाजत, ठमे… हो. हो गं… रडतेस कशाला? फुलांवर पाणी मार, डोळ्यांतलं नको… तो? तो काय, उभा आहे. दूध ठेवलं त्यानं, आता अंडी ठेवतोय. एकेक ठेवतोय आणि दर वेळी दार लावून बघतोय. लहानपणी असाच होता, नवीन खेळणं आणलं की… बॅग? कसली बॅग? हां, ती. अरे दादा, जाताना ती घेऊन जा. रिकामीच आहे, जड नाही… काळजी करतोस ते कळतं मला. कर. पण फोनवर कर.”

मुलाने मात्र तेवढ्यात खिळ्यावरची पाणसळ काढली होती. त्याने ती फ्रिजच्या डोक्यावर, मागून पुढे अशी ठेवली आणि टाचा उंचावून नळीत डोकावले. बुडबुडा मधून निसटून पुढच्या काठाला जाऊन टेकला होता. मुलाने वडिलांकडे वळून काहीतरी म्हटले. बराच सांभाळून म्हटले असावे, कारण या घरात ते वाक्य आजवर एकाच माणसाने इतरांना ऐकवले होते.

“काय म्हणालास?… ठमे, ऐक, काय म्हणतोय हा. पाणसळ लावून सांगतोय मला, बाबा, वाकडा आहे म्हणून.”

मिस्त्रींनी पुढे होऊन पाणसळ उचलली, बाहीने पुसली आणि परत खिळ्याला अडकवली. मग फोन तोंडाजवळ धरून, दोघांनाही ऐकू जाईल असे, ते म्हणाले:

“आहे वाकडा. वाकडाच बरोबर आहे. ठेवतो आता.”